राउटर मिनिटभर गप्प का बसतो?

लाइट जाऊन येते. राउटरचे दिवे लागतात, फोनमध्ये वाय-फायचं साधं नाव दिसतं, पण शेपटीला '५जी' लावलेलं नाव काही येत नाही. (या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही, हा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा.) आपण वैतागून राउटर बंद-चालू करता, तरी येत नाही, मग आम्हाला, म्हणजे तुमच्या इंटरनेटवाल्यांना, फोन.

राउटर बहुधा बिघडलेला नसतो. तो ऐकत असतो.

हा पट्टा एकट्या वाय-फायचा नाही. त्याचे क्रमांक दिलेले कप्पे असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. चॅनेल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या भागात रडारही चालतात आणि पहिला मान त्यांचा. म्हणून तिथलं चॅनेल घेण्याआधी राउटर ६० सेकंद नुसता कानोसा घेतो. रडारचे ठोके आले नाहीत, तरच तो बोलायला लागतो. पुढेही कान उघडे असतात. मध्येच ठोका आला तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही, असा नियम. आपण घाईने बटण दाबलंत की ६० सेकंद पुन्हा पहिल्यापासून!

जोगेश्वरीजवळ वेरावलीला २०२२ पासून हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार आहे. अशी रडार साधारण ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे चॅनेल १२० ते १२८ च्या अंगणातच. युरोपात तर या भागासाठी १० मिनिटं ऐकावं लागतं. कुलाब्याचं रडार एस-बँडचं, म्हणजे याहून खालच्या पट्ट्यातलं, त्याचा आपल्या वाय-फायला त्रास नाही.

आमची चूकही सांगून टाकतो. एका ग्राहकाकडे रोज संध्याकाळी नेट अडकायचं. आम्ही दोनदा राउटर बदलला. तिसऱ्या खेपेला लॉग, म्हणजे राउटरची नोंदवही, उघडला, तर ओळीने 'रडार डिटेक्टेड'. रडारच्या भागाबाहेर, चॅनेल ४४ वर नेलं, तक्रार संपली. आता आम्ही आधी लॉग बघतो.

मग सगळ्यांनाच रडारबाहेरची ३६ ते ४८ ही चॅनेल का देत नाही? कारण सोसायटीतले बहुतेक राउटर तिथेच गर्दी करून असतात. शेजारी भिंतीला भिंत असेल तर १०० च्या पुढची मोकळी जागा आम्हाला बरी वाटते, मिनिटभर थांबावं लागलं तरी. सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी '१६०' (मेगाहर्ट्झ) ठेवलीत तर रडारच्या भागात पाय पडणारच. घरच्या वापराला ८० पुरते.

ऐकून जागा शोधणाऱ्या अशा यंत्रांना १९९९ मध्ये जोसेफ मिटोला आणि जेराल्ड मॅग्वायर यांनी 'कॉग्निटिव्ह रेडिओ' म्हटलं. आपला राउटर त्या कुळातला धाकटा. आयआयटी मुंबईने पालघरच्या खेड्यांत दूरदर्शनच्या रिकाम्या चॅनेलवरून इंटरनेट नेऊन पाहिलं, तेही याच विचाराच्या घरातलं.

फोन करण्याआधी घड्याळ लावून २ मिनिटं थांबा. तरीही नाव आलं नाही, तर बटण न दाबता आम्हाला कळवा. बंद केलं की बऱ्याच राउटरचा लॉग पुसला जातो.