खरेदीपूर्वी आम्ही तुमच्या घरातील वायरिंगविषयी का विचारतो?

फ्रिज किंवा वॉशिंग मशीन घ्यायला आलेल्या ग्राहकाला आम्ही किमतीआधी त्याच्या घराविषयी प्रश्न विचारतो, याचे अनेकांना नवल वाटते. आमच्याकडे वस्तू विकणारा आणि तक्रार आल्यावर ती पाहायला घरी येणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, त्यामुळे दुरुस्तीला गेल्यावर जे दिसते तेच तो विक्रीच्या वेळी विचारतो.

पहिला प्रश्न अर्थिंगचा, म्हणजे यंत्राच्या बाहेरील भागात उतरलेली वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीचा असतो. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण त्यामागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. मग फ्रिजच्या दाराला हात लावताच मुंग्या येतात आणि नवी वस्तू सदोष निघाली असे वाटते; वस्तू बदलून दिली तरी बहुधा तोच अनुभव येतो. वॉशिंग मशीनला माणूस ओल्या हातांनी आणि अनवाणी स्पर्श करतो, म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय आम्ही ते चालू करून देत नाही. या बाबतीत ग्राहक नाराज झाला तरी आम्ही तडजोड करत नाही.

दुसरा प्रश्न व्होल्टेजचा. घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा असला, तरी काही वस्त्यांत संध्याकाळी तो बराच खाली येतो. अशा वेळी फ्रिजमधील गॅस दाबणारा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि त्याच्या मोटरमधील तारेची गुंडाळी (वाइंडिंग) तापते. वीज जाऊन लगेच परत आली, तर आतील गॅसचा दाब समान झालेला नसल्याने साधा कॉम्प्रेसर अडतो. वीज परत आल्यावर यंत्राला सुमारे तीन मिनिटे थांबवणारा टाइम डिले स्टॅबिलायझर (व्होल्टेज सांभाळणारे उपकरण) त्यासाठीच असतो. मात्र अनेक नव्या फ्रिजना स्टॅबिलायझर लागत नाही. यंत्राला चालणारी व्होल्टेजची मर्यादा माहितीपुस्तिकेत दिलेली असते, आणि तुमच्या घरचे व्होल्टेज तिच्यात बसत असेल तर स्टॅबिलायझर घेऊ नका, असे आम्हीच सांगू.

स्टार लेबल पाहताना त्यावरील वर्ष आणि वार्षिक युनिटचा आकडाही वाचावा, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुने पाच स्टार नव्या पाच स्टारइतके काटकसरी असतीलच असे नाही.

तक्रार नोंदवताना मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक आणि पडद्यावर दिसणारा एरर कोड सांगितल्यास तंत्रज्ञ योग्य सुटा भाग सोबत घेऊन येऊ शकतो आणि त्याची दुसरी खेप वाचते. वॉरंटीच्या काळात यंत्र कंपनीचा तंत्रज्ञच उघडतो. आम्ही तक्रार नोंदवून पाठपुरावा करतो. वॉरंटी संपल्यावर आमचा माणूस आधी खर्चाचा अंदाज देतो, तुमचा होकार मिळाल्यावरच काम सुरू करतो आणि बदललेला जुना भाग तुम्हाला परत देतो. मोबाइल दुरुस्तीला देण्यापूर्वी त्यातील फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी. आमचा कोणताही कर्मचारी तुमचा ओटीपी मागत नाही.

बिलावरचा अनुक्रमांक यंत्रावरील क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहावा. आमच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. तो क्रमांक आम्ही प्रत्येक बिलाच्या मागे छापतो.