उसागी आणि मिनाको: दोघीही लीडर, पण सारख्या नव्हेत

'सेलर मून' ही जादूई शक्तीने दुष्टांशी लढणाऱ्या शाळकरी मुलींची जपानी मालिका. ती नव्याने बघणाऱ्यांची एक गल्लत ठरलेली असते. लांबसडक सोनेरी केस, निळे डोळे, खलाशी कॉलरचा पोशाख, बोलणारं मांजर आणि अभ्यासाचा कंटाळा. एवढ्या वर्णनावरून ही उसागी त्सुकिनो की मिनाको आयनो, हे सांगता येत नाही. दोन अंबाडे आणि काळी लूना दिसली तर उसागी. लाल रिबीन आणि पांढरा आर्टेमिस दिसला तर मिनाको. चेहरे ओळखण्यापुरतं एवढं पुरतं. खरा गोंधळ पुढे होतो, कारण लीडर दोघींनाही म्हणतात.

हे साम्य योगायोगाचं नाही. मूळ लेखिका-चित्रकार नाओको ताकेउची यांनी मिनाकोची कथा आधी लिहिली: 'कोडनेम: सेलर व्ही', १९९१. तिच्यावर ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, काढायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी कल्पना वाढवून मुलींचा गट केला आणि मध्यभागी उसागीला आणलं. मार्च १९९२ मध्ये मालिका टीव्हीवर आली, तेव्हा मिनाको कथेच्या आत आधीच प्रसिद्ध होती. उसागी गेम सेंटरमध्ये सेलर व्हीचा व्हिडिओ गेम खेळते, तिची चाहती आहे.

दोघींची सुरुवात बघा. मिनाको तेराव्या वर्षी मुखवटा लावून एकटीच लढायला लागते आणि तिला ते मनापासून आवडतं. चौदा वर्षांच्या उसागीला यातलं काहीच नको असतं. इंग्रजीच्या पेपरात ३० गुण, त्यावरून आईची बोलणी, आणि त्याच रात्री दागिन्यांच्या दुकानात राक्षसीण समोर. तिथे ती चक्क खाली बसून भोकाड पसरते, घरी जायचं म्हणते. त्या रडण्याचाच आवाज इतका कर्कश होतो की शत्रू कान धरून थबकतात. रडणं हेच तिचं पहिलं अस्त्र ठरतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मिनाकोची किंमत नंतर वसूल होते. 'सेलर व्ही'च्या शेवटी, ज्याच्यासाठी तिचा जीव तुटला तो एस नावाचा तरुण मरताना तिचं भविष्य सांगतो: तुझं प्रेम कधीच सफल होणार नाही. ती ते स्वीकारते आणि कर्तव्य निवडते. हे वाचून लगेच 'सेलर मून' मांगाचा, म्हणजे मूळ जपानी कॉमिकचा, आठवा भाग घ्यावा. तिथे ती चंद्रराज्याची राजकन्या म्हणून अवतरते, आणि सगळे विश्वास ठेवतात. खरं तर ती तोतया असते. खरी राजकन्या सुरक्षित राहावी म्हणून शत्रूचा रोख तिने स्वतःवर ओढून घेतलेला असतो. पुढे उसागीचा प्रियकर टक्सिडो मास्क तिच्यावरचा वार झेलतो आणि उसागीला पूर्वजन्म आठवतो: खरी राजकन्या तीच. मग मिनाकोचं खरं पद कळतं: राजकन्येच्या चार रक्षकांची ती प्रमुख. ती आली तेव्हाच नेता म्हणून तयार होती.

उसागी तशी तयार कधीच नव्हती. 'आधी रडकी होती, मग खंबीर झाली' असं तिच्याबद्दल सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. ती शेवटपर्यंत रडते. ॲनिमेच्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस, उत्तर ध्रुवावर, मैत्रिणी एकेक करून मरू लागतात तेव्हा ती आपल्या शक्तीचा उगम असलेला रुपेरी स्फटिक शत्रूला देऊन टाकायला निघते. मैत्रिणी तिला अडवतात. चौघीही मरतात, आणि ती शत्रूंची राणी बेरिल हिच्यासमोर एकटी उभी राहते. तिच्या हातातल्या जादूच्या छडीवर चौघींचे हात दिसतात, एकावर एक. मिनाको माणसांना मागे ठेवून पुढे जाते. उसागी त्यांना सोबत घेतल्याशिवाय पाऊल टाकू शकत नाही. त्यामुळेच माणसं तिच्यामागे येतात. तिच्या गटातल्या आमी, रेई, माकोतो या तिघीही एकट्या पडलेल्या मुली होत्या, हे विसरून चालणार नाही.

मग मांगाचं शेवटचं पर्व. सगळे साथीदार मेलेले, उसागीसमोर साऱ्या दुष्टतेचं मूळ असलेला केऑस, आणि तो ज्या कढईत विरघळला आहे तिथेच विश्वातले सगळे तारे जन्माला येतात. कढई नष्ट कर म्हणजे युद्ध कायमचं संपेल, असा सल्ला तिला मिळतो. लष्करी दृष्टीने तो चुकीचा नाही. उसागी नकार देते. तारेच जन्मणार नसतील तर मग वाचवलं काय? केऑस पुन्हा येऊ शकतो हे माहीत असूनही ती स्वतः त्या कढईत उडी घेते. सल्ला देणारी सेलर कॉसमॉस भविष्यातून पळून आलेली असते, लढून थकलेली, हरलेली. उसागीचा निर्णय बघून ती आपल्या काळात परत जाते, पुन्हा लढायला.