स्पायनल भूल

कमरेच्या दोन मणक्यांमधून बारीक सुई घालून मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात बधिरकारक औषध सोडणे आणि त्यायोगे पोटाच्या मध्यापासून पायांच्या बोटांपर्यंतचा भाग दीड ते तीन तास संवेदनाहीन व शिथिल करणे, या पद्धतीस स्पायनल भूल म्हणतात. सिझेरियन, हर्निया, प्रोस्टेट, मूळव्याध आणि मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियांत ती सर्रास दिली जाते. सुईच्या मागच्या टोकाशी मेरुद्रवाचा स्वच्छ थेंब दिसणे ही तिची ओळखखूण होय. उगमाचा वाद, नंतरची डोकेदुखी आणि भूल न लागण्याची कारणमीमांसा हे तिन्ही विषय फिरून त्या थेंबाशीच येतात.

उगमाचा वाद : कार्ल कोलर याने १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधील मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स लेनर्ड कॉर्निंग याने आधी एका कुत्र्याच्या आणि नंतर एका रुग्णाच्या पाठीत मणक्यांच्या कंटकांमधून, म्हणजे मागे आलेल्या हाडांच्या टोकांमधून, कोकेन टोचले. कुत्र्याचे मागचे पाय काही मिनिटांतच लुळे पडले. माणसात मात्र पहिल्या मात्रेचा परिणाम न दिसल्याने काही मिनिटांनी तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी लागली; दोन्ही मिळून शंभर मिलिग्रॅमहून अधिक कोकेन गेले आणि त्यानंतर पाय हळूहळू बधिर झाले. आपल्या निबंधाच्या शीर्षकात कॉर्निंगने ‘स्पायनल ॲनेस्थेसिया’ हे शब्द योजले असल्याने अग्रमान त्याचाच, असे त्याचे समर्थक मांडतात.

या मताविरुद्धचे आक्षेप अधिक वजनदार आहेत. कॉर्निंगच्या वर्णनात सुईतून द्रव आल्याचा उल्लेख नाही. औषध तेथील रक्तवाहिन्यांत शोषले जाऊन मेरुरज्जूपर्यंत पोहोचेल अशी त्याची कल्पना होती, त्यामुळे द्रवाच्या पोकळीत शिरण्याचा त्याचा उद्देशही दिसत नाही. शिवाय एवढे कोकेन खरोखर मेरुद्रवात गेले असते तर परिणाम मिनिटाभरात दिसला असता आणि रुग्णाच्या जिवावर बेतण्याचा संभव होता. माणसात झालेला संथ परिणाम पाहता औषध दृढावरणाच्या (मेरुरज्जू व मेरुद्रव यांना वेढणाऱ्या जाड आवरणाच्या) बाहेर, म्हणजे आज ज्याला एपिड्युरल म्हणतात त्या जागेत पडले असावे, असे बहुतेक इतिहासकार मानतात. कुत्र्यातील त्वरित परिणामामुळे त्या प्राण्यात तरी सुई आत गेली असावी, अशी एक मधली भूमिका आहे. तिला थेट पुरावा नाही, पण ती फेटाळण्यासारखीही नाही.

कमरेतून मेरुद्रव काढण्याची सुरक्षित रीत जर्मनीतील कील येथे हाइनरिख क्विंके याने १८९१ मध्ये प्रस्थापित केली. त्याच शहरात ऑगस्ट बीअर या शल्यविशारदाने १६ ऑगस्ट १८९८ रोजी घोट्याच्या क्षयाने पीडित मजुरास त्याच मार्गाने १५ मिलिग्रॅम कोकेन देऊन शस्त्रक्रिया केली. पहिल्या रुग्णांना झालेली डोकेदुखी व उलट्या पाहून बीअर व त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी २४ ऑगस्ट रोजी एकमेकांवर प्रयोग केला. बीअरच्या पाठीत सुई नीट बसली, परंतु पिचकारीचे तोंड सुईला जुळले नाही. औषध सांडले आणि मेरुद्रव बराच वाहून गेला. मग हिल्डेब्रांटला ५ मिलिग्रॅम कोकेन मिळाले आणि त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडीने मारले तरी त्याला वेदना जाणवली नाही. त्या संध्याकाळी दोघांनी जेवण, वाइन आणि सिगार यांचा आस्वाद घेतला. नंतर बीअरचे डोके कित्येक दिवस दुखत राहिले व आडवे झाले की थांबे, असे त्यानेच लिहून ठेवले. स्वतःच्या त्रासाचे इतके काटेकोर टिपण ठेवणारा संशोधक विरळाच. १८९९ नंतर पॅरिसमध्ये थिओदोर त्युफिए याने या पद्धतीचा प्रसार केला आणि मेरुद्रव स्पष्ट दिसल्याखेरीज औषध टोचू नये, हा नियम घालून दिला. हीच कसोटी मागे नेऊन लावली तर अग्रमान बीअरला द्यावा लागतो.

तंत्र : प्रौढांत मेरुरज्जू सामान्यतः कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याशी संपतो, म्हणून सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये घालतात. जागा ठरवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या कटिअस्थींचे वरचे काठ जोडणारी कल्पित रेषा वापरतात. ती त्युफिएच्याच नावाने ओळखली जाते. ही रेषा वाटते तितकी विश्वासार्ह नाही. १०० रुग्णांच्या एमआरआयशी पडताळून केलेल्या २००० सालच्या एका इंग्लिश अभ्यासात भूलतज्ज्ञांनी बोटांनी ओळखलेला मणका केवळ २९ टक्के वेळा बरोबर निघाला, आणि चुकलेला अंदाज बहुधा प्रत्यक्ष जागेपेक्षा खालचा होता, म्हणजे सुई समजुतीपेक्षा वर जात होती. म्हणूनच शक्य तितके खाली टोचावे, असा आग्रह धरला जातो.

प्रसूतिगृहाच्या शस्त्रक्रियागृहात रुग्ण स्त्री टेबलाच्या काठावर पाय सोडून बसते, समोर उभ्या मावशी तिचे खांदे धरतात आणि मागून भूलतज्ज्ञ सांगतात, ‘‘ताई, हनुवटी छातीला लावा, पाठ बाहेर काढा, आता अजिबात हलू नका.’’ मुंबईत हेच वाक्य लगोलग हिंदीत पुन्हा म्हटले जाते. पाठीचा बाक नीट आला की मणक्यांमधली फट उघडते. दृढावरण भेदताना हाताला बारीक ‘टक्’ जाणवते. सुईतली सळई काढली की थेंब दिसतो. पंचवीस-सव्वीस गेजच्या (गेज हे सुईच्या जाडीचे माप) बारीक सुईतून तो यायला काही क्षण लागतात आणि नवशिक्याला ते फार लांब वाटतात. टोचल्यानंतर स्पिरिटचा बोळा मांडीपासून छातीकडे नेत ‘‘इथे गार लागतंय का?’’ असे विचारून भुलीची पातळी ठरवतात. सिझेरियनसाठी ती स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत यावी लागते.

औषध किती वर चढेल हे मुख्यतः त्याची मात्रा, घनता आणि रुग्णाची स्थिती यांवर ठरते. ग्लुकोज मिसळून औषध मेरुद्रवापेक्षा जड करण्याची कल्पना लंडनच्या आर्थर बार्कर याने १९०७ मध्ये मांडली. आजचे ‘हेवी’ (जड) ब्युपिव्हाकेन हे बधिरकारक औषध, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध व ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज, त्याच तत्त्वावर बेतलेले आहे. भूल चढताच रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब घसरतो. त्यावर गर्भवतीस डाव्या कुशीकडे किंचित कलते ठेवणे, सलाइन जलद देणे आणि फेनिलेफ्रिन किंवा भारतात विशेष रुळलेले मेफेन्टरमिन यांसारखे रक्तदाब वाढवणारे औषध टोचणे हे उपाय करतात.

प्रसार व पीछेहाट : हुंगवून बेशुद्ध करणाऱ्या औषधांपैकी भारतात ईथर १८४७ मध्ये व क्लोरोफॉर्म १८४८ मध्ये प्रथम कोलकात्यात वापरले गेले, असे सामान्यतः मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील वादांचा केंद्रबिंदू क्लोरोफॉर्मच राहिला. हैदराबादचे १८८८ व १८८९ चे दोन आयोग त्याच्याच सुरक्षिततेसाठी नेमले गेले. भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झाली.

योगायोगाने त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी इंग्लंडमधील चेस्टरफिल्ड येथे स्पायनल भुलीनंतर वुली व रो या दोन रुग्णांचे पाय कायमचे लुळे पडले. औषधाच्या कुप्या फिनॉल या जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवून ठेवत; काचेच्या अदृश्य तड्यांतून फिनॉल आत झिरपले असावे, हा खुलासा न्यायालयाने ग्राह्य धरला आणि डॉक्टर निर्दोष ठरले. उपकरणे उकळण्याच्या भांड्यातील क्षार काढण्यासाठी वापरलेले आम्ल सुया-पिचकाऱ्यांत राहिले असावे, असा पर्यायी तर्क १९९० मध्ये मांडला गेला. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी एकापाठोपाठ रुग्ण बाधित होणे या तर्काशी अधिक जुळते. कारण काहीही असो, ब्रिटनमध्ये ही पद्धत दोन-तीन दशके मागे पडली. अमेरिकेत ड्रिप्स व व्हँडम यांनी १०,०९८ स्पायनल भुलींचा पाठपुरावा करून १९५४ मध्ये गंभीर कायमची इजा आढळत नसल्याचे प्रसिद्ध केले आणि विश्वास परतण्यास आधार मिळाला.

डोकेदुखी : सुईने दृढावरणाला पडलेल्या छिद्रातून मेरुद्रव झिरपत राहिल्यास मेंदूभोवतीचा दाब कमी होतो आणि बसल्यावर वाढणारी, आडवे होताच उतरणारी डोकेदुखी होते. ती बहुधा पहिल्या काही दिवसांत सुरू होते व दोन आठवड्यांच्या आत आपोआप शमते. तरुण स्त्रियांत, विशेषतः बाळंतिणींत, तिचे प्रमाण जास्त असते. सुईची जाडी आणि टोकाचा आकार हे दोन घटक निर्णायक ठरतात. कापत जाणाऱ्या क्विंके टोकाऐवजी तंतू बाजूला सारणारे पेन्सिलसारखे टोक व्हिटेकरने १९५१ मध्ये व श्प्रोटेने १९८७ मध्ये पुढे आणले. ११० चाचण्या व ३१ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र करून २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणात कमरेच्या छेदनानंतरची डोकेदुखी पारंपरिक सुयांत ११ टक्के, तर न कापणाऱ्या सुयांत ४.२ टक्के आढळली. असे असूनही किमतीमुळे क्विंके सुई भारतातील अनेक रुग्णालयांत टिकून आहे. दिवसभर उशीविना सपाट झोपवून ठेवण्याने डोकेदुखी टळते याला पुरावा नाही. प्रथा मात्र चिवट आहे. तीव्र त्रासात रुग्णाचेच १५ ते २० मिलिलिटर रक्त दृढावरणाबाहेर सोडून छिद्र बुजवतात. हा उपाय गॉर्मली याने १९६० मध्ये सुचवला. या भुलीने जन्माची कंबरदुखी लागते, या सार्वत्रिक समजुतीस अभ्यासांत आधार मिळालेला नाही.

पावसाळ्यातील रुग्ण : मुंबईत जुलै ते ऑक्टोबरदरम्यान डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण वाढतात आणि त्यांत तातडीने सिझेरियन करावे लागणाऱ्या स्त्रियाही असतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी असताना सुई घातल्यास मेरुनलिकेत रक्त साचून मज्जातंतू दाबले जाण्याचा धोका असतो. अन्य दोष नसल्यास ७०,००० ही संख्या प्रसूतीत पुरेशी मानावी, असे २०२१ चे अमेरिकन तज्ज्ञमत आहे. पण ते मुख्यतः गर्भारपणाशी निगडित व प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून आलेल्या प्लेटलेट-न्यूनतेच्या अनुभवावर बेतलेले आहे. डेंग्यूत संख्या काही तासांत कोसळू शकते, प्लेटलेटचे कार्यही बिघडते, यकृताला इजा असल्यास रक्त गोठण्याचे इतर घटकही कमी पडतात. त्यामुळे सकाळच्या अहवालातील एका आकड्यापेक्षा घसरणीचा वेग, हिरड्यांतून वा सुईच्या जागी होणारा रक्तस्राव आणि गोठण्याच्या चाचण्या यांना अधिक महत्त्व द्यावे लागते. शंका उरल्यास पूर्ण भूल देणे श्रेयस्कर.

भूल न लागणे व विंचूदंश : थेंब दिसूनही भूल अपुरी राहण्याची कारणे बहुतेक वेळा तांत्रिक असतात. टोचताना सुई मिलिमीटरभर सरकणे, पिचकारीच्या जोडाशी औषध गळणे, आणि पेन्सिल-टोकाच्या सुईचे बाजूचे छिद्र अर्धे आत व अर्धे बाहेर राहणे ही त्यांतील नित्याची. मेरुद्रव दिसणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे.

या पार्श्वभूमीवर भारतातून प्रसिद्ध झालेले काही रुग्णवृत्तांत लक्षवेधी ठरले. पूर्वी एक वा अनेक वेळा विंचू चावलेल्या रुग्णांत योग्य जागी, योग्य मात्रेत दिलेले बधिरकारक औषध लागलेच नाही, काहींत दुसऱ्या मार्गाने देऊनही लागले नाही, असे त्यांत नोंदवले आहे. विंचवाचे विष आणि बधिरकारक औषध ही दोन्ही मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्यांवर काम करतात, त्यामुळे कल्पना निराधार म्हणता येत नाही. कोकणात लाल विंचवाचा दंश परिचित असल्याने आणि तेथील रुग्ण मोठ्या संख्येने मुंबईत येत असल्याने येथील भूलतज्ज्ञांना या प्रश्नात विशेष रस असणे स्वाभाविक आहे. तरीही विष शरीरातून गेल्यावर वर्षानुवर्षे प्रतिरोध कसा टिकतो, याचे समाधानकारक स्पष्टीकरण पुढे आलेले नाही; शिवाय दंश होऊनही भूल नीट लागलेल्या रुग्णाचा वृत्तांत कोणी लिहून पाठवत नाही, ही अशा पुराव्याची अंगभूत मर्यादा आहे. टोचण्यापूर्वी व नंतर मेरुद्रव मोकळा आला काय, औषधाच्या कुपीची तुकडी कोणती, त्याच तुकडीतून इतरांना भूल लागली काय, या नोंदींशिवायचा वृत्तांत तांत्रिक अपयशापासून वेगळा करता येत नाही. तूर्त पूर्वतपासणीत विंचूदंशाची चौकशी करून ती केसपेपरवर लिहावी आणि पूर्ण भुलीची तयारी हाताशी ठेवावी, इतकेच व्यवहारात सुचवले जाते.