पॉवर नेक्रो की कंडी नेक्रो: हेल्थच्या पट्टीकडे पाहा

गिल्ड वॉर्स 2 या ऑनलाइन खेळातल्या पाच विरुद्ध पाच सामन्यांत एक वाक्य मी आजवर इतक्या वेळा वाचले आहे की आता ते वाचले की मन खट्टू होते: "समोर कंडी नेक्रो आहे, क्लेंज राखून ठेवा." नेक्रो म्हणजे नेक्रोमॅन्सर हा वर्ग, कंडी म्हणजे कंडिशनवर, अर्थात अंगाला चिकटणाऱ्या वाईट परिणामांवर, मार उभा करणारा, आणि क्लेंज म्हणजे ते परिणाम उतरवणारे कौशल्य. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो आणि कंडिशन बिल्डसमोर (बिल्ड म्हणजे पात्राची एकूण जुळवणी) क्लेंज राखून ठेवावे हेही बरोबर आहे, चूक फक्त एवढीच असते की समोरचा नेक्रोमॅन्सर बऱ्याचदा कंडी नसतो, तो निखळ पॉवर रीपर, म्हणजे थेट घावांनी मारणारा नेक्रोमॅन्सर असतो आणि क्लेंज सांभाळत बसलेली आपली टीम त्याच्या दोन-तीन घावांत जमिनीवर येते. ही गल्लत नवख्यांची असती तर लिहायला बसले नसते. वर्षानुवर्षे खेळणारेही ती करतात, म्हणून हा प्रपंच.

स्पेशलायझेशन, म्हणजे वर्गाची खास शाखा, ओळखण्यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण ते खेळच आपल्याला सांगतो. शत्रूला टार्गेट केले की त्याच्या नावाशेजारी स्पेशलायझेशनचे चिन्ह येते. 2015 च्या हार्ट ऑफ थॉर्न्स या विस्तारातून आलेला रीपर श्राउडमध्ये, म्हणजे हेल्थ झाकणाऱ्या छायारूपात, शिरल्यावर विळा घेऊन अंगावर येतो, 2017 च्या पाथ ऑफ फायरमधला स्कर्ज रूप न बदलता वाळूच्या छाया उभ्या करतो, आणि 2022 च्या एंड ऑफ ड्रॅगन्समधला हार्बिंजर श्राउडमध्ये असतानाही थेट हेल्थवर मार खातो. एवढे बहुतेकांना पाठ असते.

एक जुनी खूण मात्र आता टाकून द्यावी. ग्रेटसोर्ड दिसली की रीपर, टॉर्च दिसला की स्कर्ज, हा हिशेब 2023 पर्यंत पक्का होता. त्या वर्षीच्या सीक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअरने वेपनमास्टर ट्रेनिंग आणले आणि स्पेशलायझेशनची शस्त्रे ते स्पेशलायझेशन न घेताही वापरता येऊ लागली. तेव्हा शस्त्रावरून स्पेशलायझेशन ठरवायचे नाही. त्यासाठी चिन्ह आहे. शस्त्राचा उपयोग दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येतेच. कपड्यांबद्दल तर बोलायलाच नको. वॉर्डरोबमधून कोणीही कोणताही वेश चढवू शकतो, त्यामुळे "किती काळाकुट्ट दिसतो, नक्कीच कंडी असणार" हा तर्क ऐकला की मला वाईट वाटते. सेटिंग्जमध्ये शत्रूंचे साचेबद्ध मॉडेल दाखवण्याची सोय आहे, ती प्रत्येकाने चालू ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. असुरा वंशाच्या बुटक्या पात्राच्या हालचाली वाचण्यात डोळे शिणवण्यापेक्षा सगळे शत्रू ठरावीक मापाचे दिसलेले कधीही बरे.

आता मूळ मुद्दा. रीपर हे स्पेशलायझेशन झाले, बिल्ड नव्हे. बिल्ड ठरतो ट्रेट (निवडलेले गुण), रून, सिजिल (साज आणि शस्त्रांवरची भर) आणि सगळ्यात जास्त अॅम्युलेटवरून. या सामन्यांत सगळ्यांची पातळी 80 धरली जाते आणि आकडे अॅम्युलेटमधून येतात. ते अॅम्युलेट शत्रूला दिसत नाही. एकच चिन्ह मिरवणारे दोन रीपर, एक पॉवरच्या मरॉडर अॅम्युलेटवरचा आणि दुसरा कंडिशन डॅमेजचे अॅम्युलेट घातलेला, बाहेरून सारखे दिसतात, पण त्यांच्याशी लढण्याची रीत पूर्णपणे वेगळी आहे. पॉवरचा मार हा घावाचा मार आहे: तो आपल्या आर्मरमुळे घटतो, प्रोटेक्शन हे बून, म्हणजे फायद्याचा परिणाम, अंगावर असेल तर 33 टक्क्यांनी कमी होतो, क्रिट (जास्त जोराचा घाव) झाला तर वाढतो, आणि नेमक्या क्षणी डॉज करून घाव चुकवला तर शून्य होतो. कंडिशनचा मार आर्मरला मुळीच जुमानत नाही. ब्लीडिंग, बर्निंग, पॉइझन ही एकदा अंगाला लागली की दर सेकंदाला आपला वाटा घेत राहतात, त्यानंतरचा डॉज व्यर्थ जातो, आणि तिथे उपयोगी पडते ते क्लेंज किंवा रेझोल्यूशन हे बून.

गोंधळ कुठे होतो, तर आपल्या हेल्थच्या पट्टीवर दिसणाऱ्या लाल चिन्हांच्या गर्दीत. चार-पाच चिन्हे दिसली की माणूस घाबरून कंडी म्हणतो. पण नेक्रोमॅन्सर हा असा वर्ग आहे की त्याने काहीही केले तरी कंडिशन लागतेच. त्याची स्टाफ पाहा. जमिनीवर उमटणाऱ्या तिच्या खुणांपैकी पहिली ब्लीडिंग लावते, दुसरी चिल आणि पॉइझन, तिसरी त्याच्या स्वतःच्या अंगावरच्या कंडिशन आपल्याकडे ढकलते आणि चौथी घाबरवून पळवते. ही स्टाफ पॉवरवालेही वापरतात आणि कंडीवालेही. ग्रेटसोर्डची कौशल्ये व्हल्नरेबिलिटी, चिल, ब्लाइंड, क्रिपल लावतात, आणि यांपैकी एकाही कंडिशनने स्वतःहून हेल्थ घटत नाही. इतकेच काय, रीपर श्राउडमधली ती भोवऱ्यासारखी गिरकी, सोल स्पायरल, पॉइझन लावत जाते. मारते मात्र विळ्याच्या घावांनी. व्हल्नरेबिलिटीने तर हमखास फसगत होते, कारण तिच्या चिन्हावर आकडा असतो, तो 25 पर्यंत चढतो, आणि चढता आकडा पाहून वाटते की हे ब्लीडिंगच असणार. वास्तविक व्हल्नरेबिलिटीचा प्रत्येक स्टॅक, म्हणजे थर, आपल्याला बसणारा मार एका टक्क्याने वाढवतो, इतकेच. ती समोरच्याच्या पुढच्या घावाची पूर्वतयारी असते.

माझ्या हातून झालेलीच चूक सांगते. लेगसी ऑफ द फोफायरच्या नकाशावर ताब्यात ठेवायचा मधला ग्रेव्हयार्ड पॉइंट आम्ही तिघे धरून होतो. मी एलिमेंटलिस्ट होते, म्हणजे खेळातल्या सर्वांत कमी मूळ हेल्थच्या गटातली: 11,645, तर नेक्रोमॅन्सरची 19,212, आणि वर त्याचे श्राउड. रीपर आला, स्टाफच्या दोन खुणा पायाखाली फुटल्या, ब्लीडिंग, चिल, पॉइझन अशी चिन्हे उमटली. चॅटमध्ये कोणीतरी "कंडी" असे लिहिले आणि मी इथर रिन्यूअल सुरू केले, कारण ते हेल्थही भरते आणि कंडिशनही उतरवते. त्या वेळी माझी हेल्थ जेमतेम एक-दशांश उतरली होती. शांतपणे पाहिले असते तर ब्लीडिंगचे दोन स्टॅक आहेत आणि पट्टी जवळजवळ जागच्या जागी आहे, हे मला दिसले असते. त्याने ग्रेटसोर्डवर येऊन ग्रास्पिंग डार्कनेसने मला ओढले, हील अर्ध्यात तुटले, लागलीच तो श्राउडमध्ये शिरला, एक्झिक्यूशनर्स साइदचा जागीच खिळवणारा स्टन, मग गिरकी. उरलेली सगळी हेल्थ दोनेक सेकंदांत गेली. माझे दोन्ही डॉज शिल्लक होते. नंतर कॉम्बॅट लॉग उघडला, तर ब्लीडिंगच्या ओळींतले आकडे किरकोळ होते आणि सगळा मार सोल स्पायरलच्या नावावर होता.

त्या दिवसापासून मी चिन्हे मोजणे सोडले आणि पट्टीचा उतार पाहू लागले. पॉवरचा मार पायऱ्यांनी उतरतो: पट्टी थांबते, मग एकदम मोठा तुकडा गळतो, पुन्हा थांबते. कंडिशनचा मार उताराने जातो: कोणी हात लावत नसताना, आपण पॉइंट सोडून पळत असतानासुद्धा, पट्टी एका लयीत खाली सरकत राहते. हीच माझी सर्वांत भरवशाची खूण आहे. शत्रूपासून दूर गेल्यावर दोन सेकंद पट्टीकडे पाहावे. ती स्थिर राहिली तर पॉवर, ती सरकतच राहिली तर कंडी. अंगावर कितीही चिन्हे असोत.

दुसरी खूण ब्लीडिंगच्या आकड्याची. पॉवरवाल्याकडून स्टाफमुळे दोन-तीन स्टॅक लागतात आणि विरून जातात. कंडीवाल्याचे स्टॅक चढत जातात, आणि सोबत टॉर्मेंट किंवा इतर मारक कंडिशन येतात. एक जागा इथे खरोखर अवघड आहे, ती प्रामाणिकपणे मांडते: रीपरकडे डेथली चिल नावाचे ट्रेट आहे, ज्यामुळे त्याची प्रत्येक चिल ब्लीडिंगही लावते. म्हणजे कंडी रीपर अस्तित्वात आहे, तो हातात ग्रेटसोर्डही धरू शकतो आणि श्राउडमध्ये तसाच विळा चालवतो. त्याला ओळखताना नुसती चिल बघून भागत नाही. प्रत्येक नव्या चिलबरोबर ब्लीडिंगचा आकडा उडी घेतो का, हे बघावे लागते. उडी घेत असेल तर तो कंडी, आणि अशा वेळी क्लेंज राखून ठेवायला सांगणाऱ्याचे शंभर टक्के बरोबर आहे.

शस्त्रांची खूण तिसरी, आणि ती याच कामासाठी ठेवावी. सेप्टर हातात असेल तर जवळजवळ नक्कीच कंडी, कारण त्याची कौशल्येच ब्लीडिंग आणि पॉइझनवर उभी आहेत. कुऱ्हाड किंवा उजव्या हातातला डॅगर असेल तर पॉवरकडे कल. ग्रेटसोर्डवाला बहुधा पॉवर, वर सांगितलेल्या अपवादासह. स्टाफवरून काहीही ठरत नाही, म्हणून स्टाफ दिसली तर दुसऱ्या शस्त्राची वाट पाहावी. तो शस्त्र बदलेपर्यंत मत बनवू नये. ज्या नेक्रोने अजून स्टाफखेरीज काही दाखवलेलेच नाही, त्याच्याबद्दल चॅटमध्ये ठाम विधान करणे हा बेजबाबदारपणा आहे, असे मी म्हणेन, कारण आपल्या एका शब्दावर चार माणसे आपली कौशल्ये खर्च करतात.

ओळख पटल्यावर काय करायचे? पॉवर रीपर असेल तर अंतर ठेवावे, कारण श्राउडमधला त्याचा मार मुख्यतः हाताच्या अंतरावरचा आहे आणि श्राउड चालू असताना त्याचा लाइफ फोर्स, म्हणजे श्राउड चालवणारा साठा, आपोआप झरत असतो. तो श्राउडमध्ये शिरला की लढायचे नाही, पळायचे. डॉज दोनच असतात, ते स्टन आणि गिरकीसाठी ठेवायचे, आणि स्टनब्रेक, म्हणजे स्टनमधून सोडवणारा उपाय, कुठल्याही परिस्थितीत आधी खर्चायचा नाही. कंडी असेल तर पहिल्या ब्लीडिंगला क्लेंज वापरू नये. अनुभवी कंडीवाला आधी मारक कंडिशन लावतो आणि मग तिच्यावर क्रिपल, चिल, वीकनेस यांचे पांघरूण घालतो; आपण घाई केली तर पांघरूण जाते आणि खालची आग राहते. त्याचा भर ओसरू द्यावा, मग एकदम जास्तीत जास्त कंडिशन उतरवाव्यात. पॉइझन असताना हील 33 टक्क्यांनी कमी मिळते, म्हणून शक्य असेल तर क्लेंज आधी, हील नंतर.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी हे आणखी महत्त्वाचे आहे. या खेळाचे सर्व्हर उत्तर अमेरिकेत आणि युरोपात आहेत. पुण्याहून वा मुंबईहून युरोपच्या सर्व्हरवर खेळताना समोरच्याची हालचाल आपल्याला उशिरा दिसते आणि आपला डॉज तिथे उशिरा पोचतो. तिकडचा खेळाडू विळा उचललेला पाहून डॉज करू शकतो. आपल्याला मात्र तो उचलला जाणार हे आधी माहीत असावे लागते. बिल्ड लवकर ओळखणे हीच आपल्याकडची भरपाई आहे.

सहकाऱ्यांच्या बाबतीत हीच गल्लत उलट्या बाजूने होते. फायरब्रँडचे, म्हणजे गार्डियन वर्गाच्या एका शाखेचे, चिन्ह दिसले की लोक त्याला हीलर समजून त्याच्या भरवशावर तिघांच्या अंगावर जातात. फायरब्रँडकडे तीन ग्रंथ असतात: टोम ऑफ जस्टिस जाळण्याचा, टोम ऑफ रिझॉल्व्ह बरे करण्याचा आणि टोम ऑफ करेज रक्षणाचा. तिन्ही प्रत्येक फायरब्रँडकडे असतात, म्हणून नुसता ग्रंथ उघडलेला पाहून काही कळत नाही. कोणता उघडतो ते पाहावे. कुऱ्हाड घेऊन पुन्हा पुन्हा जस्टिस उघडणारा फायरब्रँड आपल्याला वाचवायला आलेला नाही, तो बर्निंग लावायला आला आहे, आणि त्याच्याकडून हीलची अपेक्षा ठेवून नंतर त्यालाच दोष देणे अन्यायाचे आहे. स्कर्जचेही तसेच. पहिल्या चकमकीत आपल्या हेल्थच्या पट्टीवर बॅरिअरचा, म्हणजे मार झेलणाऱ्या तात्पुरत्या कवचाचा, पिवळसर थर वारंवार चढत असेल तर तो सपोर्ट आहे, नसेल तर त्याला मारण्याच्या कामावर सोडावे आणि स्वतःचे क्लेंज स्वतः सांभाळावे.

अर्थात सहकाऱ्याच्या बाबतीत एवढे निरीक्षण करण्याचीही गरज नसते. फाटक उघडण्याआधी मिनिटभर सगळे एकाच जागी उभे असतात. त्या वेळात मी "सपोर्ट की बर्न?" एवढेच विचारते, आणि माझ्या वर्गाच्या नावापुढे पॉवर किंवा कंडी हा शब्द न विसरता लिहिते.