'पोलीस केस होईल' म्हणून दवाखान्यात नेत नाही? थांबा जरा

आपल्याकडे अजून सर्रास ऐकू येतं की कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर त्याच्यावर गुन्हा लागतो, जेल होते, म्हणून घरातले लोक चुकून झालं सांगतात, काहीजण तर नेतच नाहीत आणि त्यात महत्त्वाचा वेळ जातो. ही भीती हवेतून आलेली नाही हां, जुन्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) कलम ३०९ होतंच, एक वर्षापर्यंत शिक्षा.

पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने (लागू २०१८ पासून) ते जवळपास मोडीत काढलं. कलम ११५ म्हणतं, असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, खटला नाही, शिक्षा नाही, उलट त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली त्यात तर ३०९ सारखा गुन्हा नाहीच. कलम २२६ आहे, पण ते सरकारी नोकरावर दबाव आणायला असा प्रयत्न केला तर, घरच्या दुःखाशी त्याचा संबंध नाही.

मग हॉस्पिटल एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) का करतं? ती नोंद असते, आरोप नव्हे. पोलीस येऊन जबाब घेतील, घाबरू नका. आणि आधी पोलीस मग उपचार असं कुणी म्हणालं तर सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय की आधी जीव वाचवायचा.

डॉक्टरला खरं सांगा, त्यावरच उपचार ठरतात. तातडीचं असेल तर १०८, आणि मनात असे विचार येत असतील किंवा घरच्यांना बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं.