गोदावरीच्या पुरात रानातली माती: पार्श्वभूमी

गोदावरी जवळजवळ सगळा गाळ वाहून नेते ती जुलै ते ऑक्टोबरात, त्यातही मोजक्या पुरांत. त्याबरोबर कुजलेलं शेणखत, धसकटं आणि चिकणमातीला धरून बसलेला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत उरलेला कार्बन) जातो. पाणी आधी बारीक आणि हलके कण उचलतं, त्यामुळे वाहून गेलेली माती मागे उरलेलीपेक्षा कसदार असते.

बंगालच्या उपसागराच्या तळातल्या गाळात गेल्या सुमारे 4000 वर्षांत धूप वाढल्याच्या खुणा आहेत. त्या काळात पाऊसही रोडावला आणि दख्खनवर शेती करणाऱ्या वस्त्याही वाढल्या. कुणाचा दोष किती, हा वाद बाजूला ठेवू.

इथला खरा मुद्दा आहे बांधबंदिस्ती, म्हणजे माती आणि पाणी अडवायला रानात बांध घालणं. नगर-सोलापूरच्या रब्बी पट्ट्यात भारी जमीन पावसाळाभर मोकळी ठेवून ओल साठवायची आणि मग शाळू पेरायचा, ही जुनी रीत. शेतकऱ्याचा हिशेब बरोबर, पण जोराचा पाऊस उघड्या रानावर पडतो, ढेकळं विरघळतात, ओघळी पडतात. म्हणून मुंबई प्रांताने 1942 साली जमीन सुधारणेचा कायदा केला आणि समपातळी (उताराला आडव्या, एकाच उंचीच्या रेषेवरच्या) बांधांची कामं वाढली. (मराठवाडा तेव्हा निजामाकडे, म्हणून हा कायदा तिथे नव्हता.) बांध समपातळी रेषेने जायचा, वावराच्या हद्दीने नाही. त्यामुळे रानाचे तिरके तुकडे पडायचे, औत वळवायला जागा उरायची नाही.

हलक्या आणि मध्यम रानात हे बांध उपयोगी पडले. भारी काळ्या जमिनीत मात्र तो निर्णय चुकलाच. या मातीत पाणी सावकाश मुरतं. बांधाच्या वरच्या अंगाला ते साचून पेरणी लांबायची, पीक पिवळं पडायचं. उन्हाळ्यात बांधालाच भेगा जायच्या. मोठ्या पावसात पाणी त्या भेगांत शिरलं की बांध फुटायचा आणि साठलेलं पाणी एकदम सुटून आधी नव्हती तिथे घळ पडायची. शेतकऱ्यांनी बांध नांगरून टाकले की त्यांना अडाणी ठरवणं सोपं होतं. पुढे अशा जमिनीसाठी जास्तीचं पाणी बाहेर काढणारे ढाळीचे बांध सुचवले गेले. 1972च्या दुष्काळात हाताला काम द्यायचं म्हणून पुन्हा बांध, शिवाय पाझर तलाव.

1976 साली पैठणला जायकवाडी धरण झालं. खोऱ्यात अशी धरणं वाढली, तसा समुद्रात पोचणारा गाळ 1990च्या दशकापर्यंत 1970च्या दशकातल्या निम्म्याहून कमी झाला. यावरून धूप थांबली असं म्हणणं चूक. माती रानातून निघतेच, फक्त धरणात अडते. तिथे पुरला गेलेला काही कर्ब टिकतो, काही प्राणवायूविना कुजून मिथेन होऊन वर येतो.

2017 साली धरणा-तलावांतला गाळ उपसून शेतात टाकायची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. वाळू उपशाला बंदी, उपसणाऱ्या यंत्राच्या इंधनाला मदत, वाहतूक मात्र शेतकऱ्याच्या खर्चाने. अल्पभूधारकांना अनुदान देण्याचं ठरलं ते 2023 साली. तरी गाळ जातो तो ट्रॉलीचं भाडं परवडेल तेवढ्याच अंतरावर, बहुधा तलावाजवळच्या मुरमाड रानात. तो जिथून वाहून आला, त्या वरच्या शिवारात क्वचितच.