तार लावल्यानंतरचं काम कोणाचं?

वेडेवाकडे दात सरळ करण्याचा इतिहास बहुधा उपकरणांचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात एकच जुना प्रश्न दिसतो: उपचाराचा किती भाग रुग्णाच्या हाती सोडायचा?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन दंतवैद्य नॉर्मन किंग्जली यांनी डोक्याचा आधार घेऊन दात ओढणारं हेडगिअर वापरलं. पुढे दुसरे अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांच्या काळात वरच्या-खालच्या दातांमध्ये ताणलेल्या रबर बँडवर भर आला आणि हेडगिअर मागे पडलं. १९४० च्या दशकात ते परतलं. दोन्ही गोष्टी रुग्णानेच रोज लावायच्या. युरोपात अँड्रेसेन यांचा अ‍ॅक्टिव्हेटर रुजला. तोंडात सैल बसणारं हे उपकरण मुख्यतः रात्री घालायचं असे.

"घालतोस ना रोज?" "हो." बराच काळ मोजमाप एवढंच होतं. दात हलले नाहीत की मूल ऐकत नाही, असा शेरा बसे. १९७० च्या दशकात हेडगिअरमध्ये वेळ मोजण्याची सोय आली, नंतर तोंडातल्या तापमानावरून उपकरण किती वेळ घातलं हे टिपणारे सूक्ष्म सेन्सर आले. सांगितलेल्या तासांपेक्षा प्रत्यक्ष वापर सर्रास कमी निघाला, अगदी सहकार्य करणाऱ्या मुलांमध्येही. त्यामुळे सगळा दोष मुलावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. दुखणं, बोलताना अडखळणं, चारचौघांत उठून दिसणं हे सगळं त्यालाच सोसावं लागे.

काहींनी मग रुग्णावरचं अवलंबित्वच कमी करायचं ठरवलं. एमिल हर्बस्ट यांनी १९०५ मध्ये मांडलेलं, खालचा जबडा पुढे धरणारं आणि दातांवर पक्कं बसणारं उपकरण हान्स पँचर्झ यांनी १९७० च्या दशकाअखेर पुन्हा वापरात आणलं. पुढे दात ओढायला आधार म्हणून हाडात बसवायचे छोटे स्क्रू आले. तरी ब्रश करणं रुग्णाकडेच राहिलं. ब्रॅकेटभोवती (तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याभोवती) कीटण साचलं, तर महिनाभरातही दातावर पांढरे डाग उमटू शकतात. १९९० च्या दशकाअखेर आलेल्या पारदर्शक अलाइनरनी, म्हणजे दातांवर चढवायच्या काढता-घालता येणाऱ्या साच्यांनी, तर दिवसाचे २० ते २२ तास पुन्हा रुग्णाच्याच हाती दिले.

उपचार संपल्यावर रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं उपकरण. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८१ मध्ये काही जुने रुग्ण तपासले. दाढेपुढचे दात काढून त्यांच्यावर उपचार झाले होते आणि रिटेनर थांबवून किमान दहा वर्षं उलटली होती. सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या खालच्या पुढच्या दातांची ठेवण समाधानकारक राहिली नव्हती. वाढत्या वयात दात थोडे सरकतातच, रुग्णाने सगळं नीट पाळलं तरी. म्हणूनच आता अनेक ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे दंतवैद्य) रिटेनर वर्षानुवर्षं रात्री घालायला सांगतात.